तीन ताव पास, दोन छाट

पुण्याचा चित्रकार भंडारा जिल्ह्यात आपण होऊन जात नाही, त्याला न्यावं लागतं. मला ऐंशीच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात आमच्या मोठ्या सरांनी नेलं. रोलर, शाईचे डबे, ठसे कोरायच्या लिनोच्या तुकड्यांचं बोचकं आणि त्यांचा होल्डॉल उचलायला कुणीतरी हवं होतं. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय रे, तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" तलाव आहेत म्हणून सांगतो, भात आहे म्हणून सांगतो. खरं पाहण्यासारखं जे झालं ते सांगायला एवढं सगळं लिहावं लागतंय.

मोठे सर म्हणजे आमच्या चित्रशाळेत छापचित्रं शिकवणारे ज्येष्ठ गृहस्थ. दोन वर्षं परदेशात राहून आले आणि येताना 'समूह' हा एकच शब्द घेऊन आले. एकट्यानं चित्र काढणं आता संपलं, दहाजणांनी मिळून काढायचं, असं ते उठता बसता सांगत. स्वतःचा ब्रश दुसऱ्याला धुवायला देतील पण धरायला देणार नाहीत, असा हा समूहवादी माणूस. सरकारातल्या कुणाला तरी ते पटलं, आणि बिडीकामगार बायकांसाठी 'समूह-छापचित्र व कोलाज शिबिर' मंजूर झालं. मी तेव्हा तीन वर्षं हंगामी शिक्षक होतो. कायम व्हायला सरांची एक चिठ्ठी पुरेशी होती, म्हणून मीही समूहवादी होतो.

मोहाडी आणि पुढे

प्रवासाचं सांगत नाही. एप्रिलअखेर भर दुपारी नागपूरच्या पुढं एसटीत बसलेला माणूस प्रवासवर्णन लिहीत नाही, मृत्युपत्र लिहितो. मोहाडीला उतरलो तेव्हा सरांच्या रेशमी झब्ब्याला पाठीवर जिल्ह्याचा नकाशा उमटला होता. आठवडी बाजाराचा दिवस होता. एका टपरीवर पोह्यांवर तर्री ओतून दिली. पुण्यात पोह्यांवर खोबरं घालतात, इथं जाळ घालतात. सर दोन घास खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, "लोकांची अभिव्यक्ती तीव्र आहे." मी दुसरी प्लेट मागवली.

तिथून अर्ध्या तासावरच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. नागपूरहून छपाईचं यंत्र येणार होतं, ते आलं नाही. भंडाऱ्याहून पंखा येणार होता, तोही आला नाही. आले फक्त गावच्या शाळेचे मेश्राम गुरुजी. गांधी टोपी नाही, आवाज नाही, हातात पाण्याचा तांब्या. बिडी वळणाऱ्या बाराजणींना तेच गोळा करून घेऊन आले होते. बाया सकाळभर बिड्या वळून, माल कारखान्यावर देऊन, दुपारी दोनला आमच्याकडे येणार असं ठरलं.

सरांनी अर्धा तास भाषण केलं. व्यक्ती, समष्टी, ठसा, अस्मिता. बाया पदर सावरून इतक्या शांत ऐकत होत्या की सरांना वाटलं आपण जिंकलो. भाषण संपल्यावर त्यांच्यातली एक पन्नाशीची, काटक, कपाळ कोरं ठेवलेली बाई उठली. नाव पूर्णाबाई.

"सर, एक विचारू का जी? आमच्या मोहल्ल्यात विहार बांधला. भिताडी कोऱ्या हायेत. पुनवेले पह्यली वंदना हाये तिथं. याच्यातून भिताडीले लावाले काई निघन का?"

"अहो बाई," सर दोन्ही हात पसरून म्हणाले, "जे कराल ते तुमचंच!"

"मंग येतो आमी," पूर्णाबाई म्हणाली आणि बसली. अकराजणींनी माना हलवल्या. अस्मितेसाठी कुणी आलं नव्हतं, भिंतीसाठी आल्या होत्या. पौर्णिमा शिबिर संपल्यावर दोनच दिवसांनी होती.

कात्री

पहिले दोन दिवस कोलाज. सरांनी जुनी मासिकं, कॅलेंडरं आणि रंगीत कागद पुढ्यात टाकले आणि म्हणाले, "फाडा! मनमुराद फाडा!" कुणीही काही फाडलं नाही. कॅलेंडरावर कुणा ना कुणाचा चेहरा होता, आणि चेहऱ्यावर कात्री चालवायची नसते हे त्या बायांना कळत होतं, परदेशी जाऊन आलेल्या माणसाला कळत नव्हतं. त्यांनी सगळे चेहरे बाजूला काढून नीट गठ्ठा केला, वर दगड ठेवला, आणि उरलेल्या रंगीत कागदाला हात घातला.

आणि मग जे काही सुरू झालं! तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची, हे त्या आठव्या-दहाव्या वर्षापासून करत आलेल्या. नजर कागदावर नाही, बोलणं शेजारणीशी, आणि कात्री आपली कच् कच् कच्. तासाभरात खोलीतला रंगीत कागद संपला. समोर एका मापाच्या, एका आकाराच्या पानांचे ढीग, आणि ते पण पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून.

सरांनी कपाळाला हात लावून माझ्याकडं पाहिलं. "वसंता, हे यांत्रिक आहे! निव्वळ यांत्रिक!"

बारीक अंगाची रत्नमाला, वयानं सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेली, ती घाबरून म्हणाली, "कमी पडलं का जी? आनखीन कापू?"

सरांनी मग खळ शिकवली. तांदळाच्या पिठाची पेज, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. बायांना खळ शिकवणं म्हणजे आजीला दळण शिकवणं, पण मोरचूद त्यांना नवीन होता. सर फुशारून म्हणाले, "एकदा चिकटलं की भिंत पडेल, कागद निघणार नाही." पूर्णाबाईनं ते दोनदा विचारून घेतलं. भिंत चुन्याची असली तर? मातीची असली तर? सरांना वाटलं हिला माध्यमाची जाण येतेय.

गुरुजींच्या घरी जेवण होतं. भाताचा डोंगर, त्यावर वरण, सुक्या झिंग्यांची चटणी आणि अंबाडीची आंबट भाजी. सरांनी "पोळी?" असं हळूच विचारलं. गुरुजी म्हणाले, "हाव जी, सांगतो," आणि संध्याकाळी खास सरांसाठी शेजारून गव्हाचं पीठ आणून पोळ्या झाल्या. समूहवादी माणसासाठी सगळा समूह असा कामाला लागला. मी भातच खाल्ला, आणि झिंगे मागून घेतले.

कारखान्याची खिडकी

तिसऱ्या दिवशी सर सामान्य जीवनाचं रेखाटन करायला निघाले आणि उन्हानं अर्ध्या वाटेतून परत फिरले. मी पूर्णाबाईच्या मागून कारखान्यापर्यंत गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट कौलारू घर आणि त्याला एक खिडकी. आत चेकर बसलेला. बाया रांगेनं टोपल्या पुढं करत होत्या. चेकर एकेक जुडी हातात घेई, बोटानं दाबी, बहुतेक परत टोपलीत टाकी आणि काही आपल्या बाजूला ओढून घेई. तोंडानं एकच शब्द. "छाट."

छाट म्हणजे नापास माल. तो मोजणीत धरायचा नाही.

"खराब असतात त्या?" मी विचारलं.

पूर्णाबाई हसली. तिचं हसणं एका गालातच राहत असे. "पाहा ना जी तुमी."

रांग संपल्यावर ती खिडकीशी परत गेली आणि नुसती उभी राहिली. चेकरनं वैतागून ओढून ठेवलेल्या जुड्या बाहेर ढकलल्या. बायांनी त्या तिथंच मुठीत चुरगाळून मातीत टाकल्या. येताना तिनं सांगितलं. आधी ही छाट चेकर घरी नेई. अर्धी ओढी, अर्धी विकी. मग बायांनी हट्ट धरला, काम बंद पाडलं, आणि ठरवून घेतलं की छाट झालेला माल वळणारणीच्या डोळ्यांसमोर तुटला पाहिजे.

"आमचं नाई तर नाई. पन त्याचंबी नाई," ती म्हणाली.

मला हे सगळं फार रंगतदार वाटलं. वहीत टिपूनसुद्धा घेतलं. किती मूर्ख असावं माणसानं! टिपून घेतलं आणि वही मिटली.

भोकाचं पान

चौथ्या दिवसापासून ठसे. बाराजणींना वीतभर लिनोचा एकेक तुकडा दिला. प्रत्येकीनं आपल्या मनातलं कोरायचं, शेजारणीचं पाहायचं नाही, मग बारा तुकडे जुळवून एकच मोठं चित्र छापायचं. त्यात म्हणे योगायोगाचं सौंदर्य प्रकटतं. बाया गोल करून बसल्या, कारण काम करायला असंच बसतात, आणि एकमेकींचं सगळं पाहिलं. सर ओरडले, "पाहू नका!" त्या मान खाली घालत, आणि सरांची पाठ वळली की रत्नमाला आपला तुकडा शेजारणीच्या तुकड्याला लावून बघे. एकीचा हात मागं राहिला की बाकीच्या थांबत. हिची फांदी जिथं संपली तिथून तिची सुरू. सरांच्या योगायोगाची वाट लागली आणि त्यातून उभा राहिला पिंपळ. खाली तलावाची पाळ, वर बाराही तुकड्यांत पसरलेला एकच अखंड पिंपळ, पान अन् पान फर्म्यानं कापल्यासारखं.

फक्त पूर्णाबाईच्या तुकड्यात एक पान किडीनं खाल्लेलं होतं. मधोमध भोक.

"हे असं का?" मी विचारलं.

"असं पान आमी फेकून देतो जी. बिडी नाई होत त्याची. इथं राहू दिलं."

कोरणी धरायला मी तिला दोन दिवसांपूर्वी शिकवलं होतं. मी पंधरा वर्षं कोरतोय, माझ्या हातून असं पान झालेलं नाही. तिच्या तुकड्याची चाचणी घ्यायला मी एक ठसा काढला. चाचणीचा ठसा टाकूनच द्यायचा असतो. तो वाळला तेव्हा मी तो वहीत ठेवला आणि वही पिशवीत. कुणी बघत नव्हतं. बघत असतं तरी मी काय चोरी करत होतो थोडीच, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

त्याच दिवशी माझ्या हातून सुरई फुटली, ती नेमकी चांगल्या कागदाच्या गठ्ठ्यावर. कोरडे राहिले पाच ताव. सर मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. यंत्र नव्हतंच. बायांनी तावाखाली बारा तुकडे मांडले आणि पळीच्या पाठीनं घासून पाच छाप काढले. एक दाबी, दुसरी घाशी, तिसरी कोपरा उचलून बघे. पहिला छाप उचलला तेव्हा रत्नमाला "अई बाई!" म्हणून दोन पावलं मागं सरली आणि मेश्राम गुरुजींनी चष्मा पुसला.

सर तावावर वाकले. मग म्हणाले, "वसंता, ही जी पुनरावृत्ती आहे ना, ही लय आहे. आदिम लय."

पहिल्या दिवशी यांत्रिक, सहाव्या दिवशी लय. काय बोलणार!

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर फिरताना त्यांनी मला बेत सांगितला. मुंबईत त्यांचं प्रदर्शन होतं, त्यात हे छाप लावायचे. 'संकल्पना आणि दिग्दर्शन' म्हणून त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरात 'ग्रामीण स्त्रियांचा सहभाग'. "आणि तुझं कायम होण्याचं मी बोलतो," ते म्हणाले. समोर तलावात बगळे उभे होते, एका पायावर, डोळे मिटून, अगदी सत्पुरुष. मी "हो सर" म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

शेवटचा दिवस

समारोपाला भंडाऱ्याहून साहेब येणार होते, चार वाजता. तीन वाजता सर खिडकीशी टेबल मांडून बसले. पाच ताव दोरीवरून काढून समोर ठेवले. लिनोचे तुकडे बाया आदल्या दिवशीच आपापल्या घरी घेऊन गेल्या होत्या. टेबलापलीकडं बाया उभ्या. सर एकेक ताव उचलत, उजेडाकडं धरत, अंगठ्यानं कड दाबून बघत. तीन ताव टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवले. दोन आपल्याकडं ओढून घेतले.

मी दारात होतो. ही खिडकी मी आधी पाहिली होती.

पूर्णाबाई पुढं झाली. "सर, हे दोन वेगळे काहून ठेवले जी?"

"ते माझ्याकडे राहतील," सर मान वर न करता म्हणाले.

"अन् हे तीन?"

"ते तुम्ही घ्या."

"म्हंजे हे तीन पास?"

"हो हो, पास. पास!"

"ऐकलं ना वो सगळ्यांनी? तीन पास!" पूर्णाबाई बायांकडं वळून म्हणाली. दोघीतिघींनी ते तीन ताव तळहातांवर घेतले, खळीचं भांडं उचललं आणि बाहेर गेल्या. सरांनी मान डोलावली, होल्डॉलचा पट्टा सोडायला ते खाली वाकले, आणि वर बघतात तो त्यांचे दोन ताव पूर्णाबाईच्या हातात. चर्र. उभे फाडले. चर्र. आडवे फाडले. उरलेल्या बाया मदतीला आल्या. सवयीचे हात. रत्नमालानं तुकडे ओच्यात गोळा केले आणि साहेबांच्या चहासाठी बाहेर पेटवलेल्या चुलीत नेऊन घातले.

"अहो! अहो बाई! काय केलंत हे!" सर उभे राहिले, खुर्ची पडली. "माझे... ते सर्वांत उत्तम होते!"

"छाट होती ना जी?" पूर्णाबाईचा आवाज अगदी साधा होता. "तुमी आपल्याकडं ओढली. छाट आमच्यासमोर तुटाले पाह्यजे. आमच्या इकडं तशीच रीत हाये."

"वसंता, सांग हिला! जा, ते तीन घेऊन ये. निदान एक!"

मी गेलो. खोटं कशाला सांगू, वाटेत मी विचार करत होतो की एक आणावाच. माझी कायम होण्याची चिठ्ठी त्याच्यावर अवलंबून होती. विहार म्हणजे एक लहानशी चुना दिलेली खोली, समोर बुद्धाची मूर्ती, हार, उदबत्ती. आणि मागच्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन पिंपळ, उन्हाच्या झळीनं वाळलेलेसुद्धा. पौर्णिमेपर्यंत थांबल्या नव्हत्या. मेश्राम गुरुजी हात मागं बांधून उभे होते.

मी जवळ जाऊन एका तावाच्या कोपऱ्याला नख लावून पाहिलं. पोपडा यायचा तो चुन्याचा येत होता.

"निघन का जी?" गुरुजींनी विचारलं. विचारताना ते माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत होते.

मी नख काढून घेतलं. परत येऊन सरांना सांगितलं, "निघत नाही सर. आपलीच खळ आहे." ते वाक्य बोलताना मला जो आनंद झाला तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. साहेब आले, सत्कार झाला, सरांनी समूहावर पुन्हा भाषण केलं, पण छोटं. चहा त्यांनी घेतला नाही. मी घेतला, चांगला कडक होता.

एसटीची वाट बघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. सर पलीकडं झाडाखाली होल्डॉलवर बसून साऱ्या विदर्भाला पाठ करून होते. पूर्णाबाई डोक्यावर टोपली घेऊन कारखान्याकडं निघालेली, मला बघून थांबली.

"चाललात, लहान सर?"

"चाललो." मग राहवेना. "पूर्णाबाई, एक खरं सांगा. तुम्हाला खरंच वाटलं ते दोन खराब होते?"

तिनं टोपली उतरवून मैलाच्या दगडावर ठेवली. "चाळीस वर्स झाली मले त्या खिडकीसमोर," ती म्हणाली. "चेकर आपल्याकडं ओढते ते कधीच खराब नसते, सर."

आणि एका गालात हसून तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं.

गेले सात दिवस मी सगळ्यांना हसत होतो, सरांना, साहेबांना, त्या चेकरला. वही काढली. वहीतून भोकाच्या पानाचा ठसा काढला आणि तिच्यापुढं धरला. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

तिनं तो उजेडाकडं धरला. अंगठ्यानं कड दाबून पाहिली. भोकातून माझ्याकडं बघितल्यासारखं केलं. मग ठसा माझ्या हातात परत दिला.

"पास," ती म्हणाली. "न्या. पन मांगून न्याव."

"नेऊ का?" मी विचारलं.

"हाव जी, न्या," म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

मी कायम झालो नाही, ते सोडा. ठसा घरात समोरच लावलाय. येणारा जाणारा विचारतो, तुझा का रे? मी सांगतो, नाही, पूर्णाबाईचा. मला तो मागावा लागला.